आळस नव्हे, वेळापत्रक

मुले रात्री जागतात आणि सकाळी उठत नाहीत, ही घरोघरची तक्रार आहे. तिचे खापर बहुधा मुलांच्या आळसावर किंवा मोबाईलवर फोडले जाते. २०२० च्या टाळेबंदीने मात्र या समजुतीला धक्का दिला.

त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील शाळा बंद होऊन शिक्षण घरून सुरू झाले. झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या काळात माध्यमिक विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि तिची तुलना २०१७ मधील पाहणीशी केली. मुले पूर्वीपेक्षा पाव तास उशिरा निजत. पण शाळेच्या दिवशी दीड तास उशिरा उठत. म्हणजे ७५ मिनिटांची अधिक झोप त्यांच्या पदरात पडली आणि तिच्याबरोबर स्वास्थ्यही सुधारलेले दिसले. यात नवल नाही. वयात येताना शरीरात झोप आणणारे मेलॅटोनिन हे द्रव्य रात्री उशिरा स्रवू लागते. या वयाला आठ ते दहा तासांची झोप हवी. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या मुलाने ती आणावी कोठून?

अर्थात टाळेबंदी मुलांना मानवली, असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. ज्यांना खिन्नतेने ग्रासले होते, त्यांचे स्वास्थ्य खालावलेलेच होते, हेही त्याच पाहणीत दिसले. महाराष्ट्रात तर मित्र गेले, मैदान गेले आणि एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षाही रद्द झाली. ज्या ध्येयाभोवती वर्ष उभे होते, तेच नाहीसे झाले. झोप आवश्यक आहे. पण ती सोबतीची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा शाळा हवीच; प्रश्न तिच्या वेळेचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. तो स्तुत्य होता. परंतु ज्यांचे शरीरच उशिरा निजते, ती मोठी मुले त्यातून वगळली गेली. इमारत एक आणि सत्रे दोन असतील, तर लहानांची सवलत मोठ्यांच्या झोपेतून वसूल होण्याचा धोका आहे. वर्गखोल्यांची टंचाई ही खरी अडचण आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि पहाटेच्या शिकवण्या थांबवणे आणि माध्यमिक वर्गांची वेळ अर्ध्या तासाने तरी पुढे ढकलणे अनेक ठिकाणी शक्य आहे. मुलांना आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी व पालकांनी एवढा प्रयोग करून पाहावयास हवा.