पोरांच्या गाण्यावर आमची सही कशाला?

दोस्तहो, आधी गुन्हा कबूल करतो, मग भांडतो.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही पाच जण फर्दापूरला गेलो. सोबत एक ढोलकी, दोन हलग्या, एक जुनी पेटी आणि खिशातले मोबाईल. समोर तडवी आणि भिल्ल वस्त्यांवरची, आश्रमशाळेत राहणारी तेवीस पोरं-पोरी. सात दिवसांचं गीतलेखन शिबिर. कापडी फलकावर आमच्या मंडळाचं नाव हातभर अक्षरांत. पोरांचं नाव कुठंच नाही. तेव्हा ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

पहिले दोन दिवस आम्ही काय केलं? शिकवलं. वामनदादांची गाणी, मोर्च्यातली गाणी, घोषणा. पोरं गपगुमान म्हणत होती. सूर बरोबर, ताल बरोबर, डोळे मात्र विझलेले. ते डोळे मी ओळखतो. शाळेत 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा आणि मला 'शुद्ध बोल' म्हणून उभं करायचे, तेव्हा माझे डोळे असेच व्हायचे. दहावी झालो, गोदीत लागलो. तिथं 'ण'चा हिशेब कुणी मागत नाही, पाठीचा मागतात.

तिसऱ्या दिवशी टी-पॉइंटवरून बसनं लेण्यांकडं गेलो. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचं चित्र आहे. नाचणारी बाई, भोवती बासरी आणि ढोल वाजवणाऱ्या बाया. पोरी त्या भिंतीपुढून हलेनात. एकीनं विचारलं, "दादा, ह्या वाजवनाऱ्या बाया कोन्या जातीच्या?" गाईड हसला. मला हसू आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. राजाचं नाव पुस्तकात आहे. वाजवणारीचं कुठं आहे?

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथचं नाव कोरलेलं आहे. सन १८१९, एप्रिलची २८ तारीख. पुस्तकात लिहितात, ह्या गोऱ्या शिकाऱ्यानं अजिंठा 'शोधला'. आणि वाघूर नदीच्या ह्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या ढोरं चारणारे, लाकूडफाटा तोडणारे भिल्ल काय डोळे मिटून फिरत होते? म्हंजे माहीत असणं हा शोध नव्हे. नाव कोरता आलं की शोध.

त्याच रात्री सातवीतली एक पोरगी तिच्या बोलीत गायली. आई ऊसतोडीला निघाली, ट्रॅक्टर वळणावरून दिसेनासा झाला, आजीकडं शेळी आणि ती दोघीच राहिल्या, एवढंच गाणं. आम्ही कुणी शिकवलेलं नव्हतं. अंगावर काटा आला. आणि मी काय केलं? मोबाईलचं बटण दाबलं.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात एका लहानशा मंचावर मी तीच चाल गायलो. शब्द माझे घातले. टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ फिरवला, खाली लिहिलं 'शब्द आणि चाल' आणि माझं नाव. मी गप्प राहिलो, कारण गोड लागलं. पंधरा दिवसांनी गुरुजींच्या फोनवरून ती पोरगी बोलली. तक्रार नव्हती तिची. तिनं फक्त विचारलं, "दादा, ते माझंच गानं हाय ना?"

अरे, जॉन स्मिथ तं मीच की!

हे मी चळवळीतल्या दोस्तांना सांगितलं तेव्हा दोन उत्तरं मिळाली. दोन्हींशी माझं भांडण आहे.

पहिलं उत्तर: "दलित-आदिवासी एकच. त्यात तुझं-माझं काय?" एकच आहोत तर त्यांची चाल आणि माझं नाव, असंच का होतं? माझी चाल आणि त्यांचं नाव असं एकदाही का होत नाही? शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' नावाची कविता लिहिली. मंचावर बसलेले लोक आमचं दुःख आम्हालाच सांगत राहतात, हा तिचा विषय. ती आम्ही वाचली, वाहवा केली आणि स्टेजवर जाऊन बसलो.

दुसरं उत्तर: "बोलीत अडकवू नका, पोरांना प्रमाण मराठी द्या, इंग्रजी द्या." द्या ना! मी कुठं नको म्हणतो? बाबासाहेबांनी शिका म्हटलं आणि ते मलाही लागू आहे. पण आपली जीभ कापून देण्याच्या बोलीवर शिक्षण नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम सांगतं, शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटी चार लाख. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. संस्कृत घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. भिली नाही. हा हिशेब कुठल्या मुकादमानं केला?

आणि बोलीतून पुढं जाता येतं, ह्याचे दाखले आहेत. सरदार सरोवराच्या बुडीतातल्या गावांत १९९० च्या दशकापासून नर्मदा बचाव आंदोलनानं जीवनशाळा चालवल्या. पोरांच्या बोलीत पहिले धडे, गावातलेच तरुण गुरुजी. तिकडं ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला यिरकला गावचा मांडावुय युनुपिंगू हा आदिवासी माणूस १९९० साली आपल्याच गावच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. तोच 'योथू यिंडी' बँडचा गायक. पंतप्रधानानं १९८८ साली आदिवासींशी करार करायचं वचन दिलं आणि पाळलं नाही. त्यावर ह्यांनी १९९१ साली 'ट्रीटी' हे गाणं केलं, इंग्रजीत आणि स्वतःच्या योल्ङू भाषेतही. जगभर वाजलं. पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, तर एवढी गोष्ट ह्या काळ्यांकडून घ्यायला काय हरकत आहे?

आपले वामनदादा कर्डकही मोठेपणी मुंबईत अक्षर शिकले. गाणं त्यांना कुठल्या शिबिरानं दिलं नाही. ते आतच होतं, अक्षरानं फक्त वाट मोकळी केली. शिबिराचं काम तेवढंच.

गोदीत टोळी वजन उचलते तेव्हा एक जण हाक देतो, बाकीचे झेलतात. हाक देणारा स्वतः वजनाखाली असतो, म्हणून ती हाक खरी. काठावर उभा राहून ओरडतो तो मुकादम. फर्दापुरात पहिले दोन दिवस आम्ही मुकादम होतो.

म्हणून माझं म्हणणं असं:

१. पहिले दोन दिवस आपण तोंड बंद ठेवायचं. पोरांनी गायचं, आपण ऐकायचं आणि साथ धरायची.

२. गाणं आधी त्यांच्या बोलीत. मराठी उतारा नंतर, तोही पोरांनीच करायचा.

३. पोरांना आणि आई-बापांना विचारल्याशिवाय मोबाईल खिशाबाहेर काढायचा नाही. चाल वापरली तर आधी विचारायचं, आणि ते म्हणतील तसं श्रेय द्यायचं. पैसा आला तर तो त्यांचा.

४. पाहुण्यांच्या स्वागताला पोरांना मोरपिसं बांधून नाचवायचं नाही. आमच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी तशी मागणी झाली होती. आम्ही 'नाही' म्हणालो. सात दिवसांत एवढंच एक बरोबर केलं.

५. एकदा जाऊन फोटो काढून यायचं नाही. तीन वर्षं जायचं, आणि तिसऱ्या वर्षी शिबिर तिथल्याच मोठ्या पोरांच्या हवाली करून आपण मागं बसायचं.

तो व्हिडिओ ज्यांनी ज्यांनी फिरवला त्यांना मी लिहिलंय: चाल माझी नाही. काहींनी काढला, काहींनी 'एवढं काय त्यात' म्हणून ठेवला. ते गाणं मी आता गात नाही. फोनवर पोरीला म्हणालो, "हो, तुझंच आहे." ती म्हणाली, "मंग पुढलं कडवं ऐकायला या."

जातोय. ढोलकी घेऊन, फलक न घेता. कुणाला यायचं असेल तर या. पण कान घेऊन या.

जयभीम. जोहार.