बागेतली गाडी की कर्जत?

आगगाडीचे वेड असलेल्या मुलाला मुंबईतले पालक बागेतल्या छोट्या गाडीत बसवून आणतात. माझ्या मते त्याला लोकलने कर्जतला न्यावे. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना तेथे मागून जादा इंजिने जोडतात. पुढे बोरघाटात काही ठिकाणी ३७ मीटर अंतरात १ मीटर चढ आहे. हजार टनांच्या गाडीला गुरुत्वाकर्षण तेथे सुमारे २७ टन वजनाइतक्या बलाने खाली ओढते. तो सारा भार पुढच्याच इंजिनाने ओढला, तर पहिल्या डब्याच्या जोडणीवर केवढा ताण येईल! "इंजिन मागे का?" असे मूल विचारीलच. तेव्हा हातातला वडा बाजूला ठेवून पालकांनी हा हिशेब त्याच्याबरोबर फलाटावरच मांडावा. कलत्या प्रतलाची उदाहरणे बिनचूक सोडवणाऱ्या माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी ही इंजिने जोडताना कधी पाहिलेली नसतात.