वकील नव्हता, म्हणून शिक्षा पक्की झाली असं नाही



नाकेदार केस करतो. तारखेला आपला माणूस तालुक्याच्या कोर्टात एकटाच उभा राहतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, कोर्टाची भाषा कळत नाही. मान हलवली की झाली शिक्षा. मग गावात म्हणतात, "तूच बोललास ना कोर्टात? आता भोग."

माझं म्हणणं, गपचूप भोगू नका.

अरुणाचल प्रदेशात सुक दास नावाच्या गरीब माणसाला अशीच दोन वर्षांची कैद झाली होती. वकील नव्हता, साक्षीदारांची उलटतपासणी त्याला करता आली नाही. हायकोर्ट म्हणालं, त्याने वकील मागितलाच नाही. पण 1986 साली सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. खेड्यातल्या अडाणी माणसाला हक्कच माहीत नसेल तर तो मागणार कसा? फुकट वकील मिळतो हे आरोपीला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचंच काम आहे, असा तो निकाल आहे. आदिवासीला तर 1987 च्या विधी सेवा कायद्याने कमाई न बघता वकील मिळतो.

गुन्हा कबूल केला असेल तर? तेव्हा गुन्ह्यावर अपील होत नाही, पण शिक्षा कायद्यात बसते का, जास्त आहे का, यावर होतं. आधी कोठडीत काढलेले दिवस कैदेतून वजा व्हायला पाहिजेत. ते झाले का, तेही बघा.

म्हणून कैदेची शिक्षा झाली की तिथेच निकालाची नक्कल मागा, ती फुकट मिळते. 30 दिवसांत जिल्ह्याच्या सेशन कोर्टात अपील करा. उशीर झाला तर कारण लिहून माफी मागता येते. माणूस तुरुंगात असेल तर अपिलाचा अर्ज जेलरकडे देता येतो.

काही साथी म्हणतात, जंगल आपलं, मग त्यांच्या कोर्टात दाद कशाला? मोर्चा तर काढूच. पण शिक्षेचा कागद तसाच राहिला तर उद्या प्लॉटची चौकशी होईल तेव्हा तोच आपल्या तोंडावर फेकतील. जमिनीची लढाई कागदावर पण लढावी लागते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपल्या केसांचे कागद घेऊन यावं. आणि यापुढे तारखेला कुणी एकटं जायचं नाही. जाताना दोन साथी सोबत, आणि उभं राहिल्यावर पहिलं वाक्य हेच: "साहेब, मला सरकारी खर्चाने वकील पाहिजे."

जिंदाबाद!