पेन्शन पोचविणाऱ्याला पेन्शन नाही

दर वर्षी नोव्हेंबर महिना आला की केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना आपण हयात असल्याचा दाखला सादर करावा लागतो. २०२० सालापासून हा दाखला घरबसल्या देण्याची सोय टपाल खात्याने केली. सत्तर रुपये शुल्क भरले की टपालाचा माणूस दारी येतो, मोबाइल आणि बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र पिशवीतून बाहेर काढतो, आणि वृद्ध पेन्शनराची पुढील वर्षाची चिंता मिटते. सोय चांगली आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु खेड्यापाड्यांतून हे यंत्र घेऊन दारोदार फिरणारा जो ग्रामीण डाकसेवक, त्याच्यावर स्वतः असा दाखला देण्याचा प्रसंग कधीच येणार नाही. पासष्टाव्या वर्षी सेवेतून मोकळा झाल्यावर त्याला पेन्शन नाही. तो हयात आहे की नाही, हे विचारण्याचे सरकारला कारणच उरत नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नव्हे. देशातील सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास ग्रामीण भागात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य शाखा डाकघरे डाकसेवकांच्याच बळावर चालतात. २०१८ साली मोबदलावाढ जाहीर करताना सरकारने स्वतःच तिचा लाभ ३ लाख ७ हजार डाकसेवकांना होईल असे सांगितले होते. ही वाढसुद्धा आपखुशीने मिळाली नव्हती. त्या वर्षी २२ मेपासून दोन आठवड्यांहून अधिक काळ देशभरातील शाखा डाकघरांना कुलपे लागली, तेव्हा मंत्रिमंडळाला ६ जून रोजी निर्णय घेणे भाग पडले. वेतन वाढले. म्हातारपणाचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

या अन्यायाचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. खेड्यात टपाल पोचवायचे, पण त्यासाठी पगारी नोकर ठेवायचा नाही, म्हणून गावातील शाळामास्तर, दुकानदार किंवा जमीनजुमला असलेला एखादा गृहस्थ गाठून त्याच्याकडे फावल्या वेळेचे काम म्हणून डाकघर सोपवायचे, ही ती काटकसरीची युक्ती. त्याचे नाव ‘खातेबाह्य’ कर्मचारी. साहेब गेला, युक्ती राहिली. २०११ च्या नियमांतही डाकसेवकाकडून असे प्रतिज्ञापत्र घेतले जाते की, आपल्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी आपल्याजवळ उत्पन्नाचे दुसरे साधन आहे. म्हणजे भूमिहीन शेतमजुराच्या शिकलेल्या मुलाने नोकरीच्या पहिल्याच दिवशी आपण खाऊनपिऊन सुखी आहोत असे लिहून द्यायचे, आणि चाळीस वर्षांनंतर त्याच कागदाच्या आधारे सरकारने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे! शाखा डाकपालाने तर डाकघरासाठी जागाही स्वतःच पुरवायची असते.

कायद्याच्या दरबारात हा प्रश्न गेला नाही असे नाही. २२ एप्रिल १९७७ रोजी राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध निर्णय दिला की, खातेबाह्य कर्मचारी हा सरकारी नागरी पदाचा धारक असून घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण त्यालाही आहे. या निर्णयानंतर सेवेच्या अटी बदलणे हे कोणत्याही लोकशाही सरकारचे कर्तव्य ठरले असते. आमच्या नोकरशाहीने नाव बदलले. २००१ साली ‘खातेबाह्य’ जाऊन ‘ग्रामीण डाकसेवक’ आला, आणि पुढे नियमांत स्वच्छ लिहिले गेले की, हा सेवक संघराज्याच्या नागरी सेवेच्या बाहेरचा आहे, त्याने सरकारी कर्मचाऱ्यांशी बरोबरी सांगू नये आणि त्याला निवृत्तिवेतनाचा हक्क नाही.

या दुटप्पीपणाचे फळ २०१९ साली एकाच वर्षात दोनदा पाहायला मिळाले. मार्च महिन्यात प्रश्न उपदानाचा होता. १९७२ च्या उपदान कायद्याने कारखान्यातील कामगाराला मिळते ते डाकसेवकालाही मिळावे, ही मागणी अमान्य झाली. कारण डाकसेवक नागरी पदाचा धारक आहे, त्याच्या उपदानाचे नियम वेगळे आहेत, सबब तो त्या कायद्याखालील ‘कर्मचारी’ नव्हे. आधार दिला गेला तो राजम्मा निर्णयाचाच. नोव्हेंबरमध्ये गंदिबा बेहेरा खटल्यात प्रश्न पेन्शनचा होता. अनेक वर्षे डाकसेवक म्हणून राबून उतारवयात नियमित पदावर घेतलेल्या कर्मचाऱ्यांची नियमित सेवा दहा वर्षांना थोडी कमी पडत होती. डाकसेवक म्हणून केलेली जुनी सेवा तीत मिळवावी, एवढेच त्यांचे मागणे होते. तेही अमान्य झाले, कारण तशी तरतूद नियमांत नाही. उपदान मागायला गेला तर तू सरकारचा माणूस, आणि पेन्शन मागायला गेला तर तू सरकारच्या सेवेबाहेरचा! दोष न्यायासनाला देऊन भागणार नाही. नियम सरकारने केले आहेत व ते एका दिवसात बदलण्याचा अधिकारही सरकारलाच आहे.

डाकसेवकाला जे उपदान मिळते, त्याचे नियमांतील नाव ‘सानुग्रह’ उपदान असे आहे. पेन्शन ही सरकारच्या मर्जीची देणगी नव्हे, तो केलेल्या सेवेतून मिळविलेला हक्क आहे, असे १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आणि निवृत्त कर्मचारी तो दिवस आजही पाळतात. हक्क आणि अनुग्रह यांतील हे अंतर हीच डाकसेवकाची सारी कहाणी आहे. पेन्शनच्या जागी २०११ पासून ‘सेवामुक्ती लाभ’ नावाची योजना आली. आरंभी तीत सरकारचा वाटा होता दरमहा दोनशे रुपये.

म्हातारपण निदान तारीख सांगून येते. अपंगत्व तसे येत नाही. नियमित पोस्टमन कामावर असताना अधू झाला, तर त्याला कामावरून काढता येत नाही, असे १९९५ च्या आणि नंतर २०१६ च्या अपंगविषयक कायद्याने सांगितले आहे; सेवा करण्यास तो असमर्थच ठरला तर अशक्ततेचे निवृत्तिवेतन आहे, आणि २०१९ पासून त्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अटही शिथिल झाली आहे. डाकसेवक मात्र पेन्शनच्या नियमांतच बसत नाही. घाट चढणारा, पावसाळ्यात ओढे ओलांडणारा, सायकलवरून रोज कोसच्या कोस तुडविणारा तोच. २०१८ च्या निर्णयात त्याच्यासाठी ‘जोखीम व कष्ट भत्ता’ मंजूर झाला, म्हणजे कामात जोखीम आहे हे सरकारला मान्य आहे. जोखीम प्रत्यक्ष ओढवली, गुडघा गेला, कंबर मोडली, की पुढे काय, याचे उत्तर त्या भत्त्यात नाही. दुसरे उत्पन्न आहे ना, प्रतिज्ञापत्र दिले आहे ना, हेच खात्याचे उत्तर.

तिजोरीची सबब आम्हाला मान्य नाही. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात सरकारला टपाल सेवा चालू ठेवायची होती, तेव्हा कर्तव्यावर असताना साथीला बळी पडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याची घोषणा झाली व तीत डाकसेवकाचाही समावेश होता. गरज पडली तेव्हा ‘बाहेरचा’ माणूस आत घेता आला.

नियमित कर्मचाऱ्यांवरही २००४ पासून बाजाराधीन पेन्शन योजना लादली गेली आणि तिच्याविरुद्धच्या असंतोषाने सरकारला २०२५ मध्ये किमान निवृत्तिवेतनाची हमी असलेली पर्यायी योजना आणावी लागली. त्या लढ्यात डाकसेवकाचा प्रश्न मागण्यांच्या यादीत सहसा शेवटच्या ओळीत राहिला, हेही येथे कबूल केले पाहिजे. १२ डिसेंबर २०२३ रोजी डाकसेवक आठ तासांचे काम व पेन्शन यांसाठी पुन्हा संपावर गेले, तेव्हा शहरांतील डाकघरे नेहमीप्रमाणे चालू होती. त्याच वर्षी शेतकरी आंदोलनाला निधी दिल्याचे कारण पुढे करून खात्याने टपाल कर्मचाऱ्यांच्या महासंघाची मान्यता काढून घेतली. खेड्यातील श्रमिक व टपाल कर्मचारी एकत्र येण्याची धास्ती सरकारला आहे, हे त्यावरून दिसते.

मागणी सरळ आहे. आतापर्यंत सावूर, तलवार, नटराज मूर्ती, कमलेश चंद्र अशा एकामागून एक समित्या नेमून डाकसेवकांना वेतन आयोगाबाहेर ठेवले गेले; आठव्या आयोगाच्या वेळी हे चालू देता कामा नये. प्रतिज्ञापत्राची अट रद्द झाली पाहिजे, डाकसेवक म्हणून केलेली सेवा पेन्शनसाठी मोजली गेली पाहिजे, आणि कामावर अधू झालेल्यास अशक्ततेचे निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे.

तोपर्यंत एक काम आमच्या शाखांना आजच हाती घेता येईल. गंदिबा बेहेरा निर्णयात न्यायालयाने असेही नमूद केले आहे की, १९७२ च्या पेन्शन नियमांतील ८८ व्या नियमाखाली सेवेची अट शिथिल करण्याचा अधिकार सरकारला असून पात्र प्रकरणांचा त्या दृष्टीने विचार व्हावा. निर्णयाचा हा भाग फार थोड्यांच्या कानी गेला आहे. आपल्या तालुक्यात नियमित सेवेची दहा वर्षे भरण्यास काही महिने कमी पडले म्हणून वंचित राहिलेले निवृत्त पोस्टमन किती आहेत, याची यादी करावी, त्यांच्या मूळ नेमणुकीची पत्रे व सेवापुस्तिकेच्या नकला जमवाव्यात, आणि टपाल संघटनेच्या मदतीने अर्ज रीतसर दाखल करून त्यांची पोच घ्यावी.