दारासुरम : राजाच्या देवळात कुंभार आणि कोळी

कुंभकोणमला जाणारा मराठी प्रवासी महामहम तलाव पाहतो, कुंभेश्वर आणि सारंगपाणी यांचे दर्शन घेतो, पितळी समया खरेदी करतो आणि तंजावरची बस पकडतो. त्याच वाटेवर, शहरापासून तीन-चार किलोमीटरवर, दारासुरम लागते. रेशीम विणणाऱ्यांची ही जुनी वस्ती. बस पुढे निघून जाते आणि दक्षिणेतील एक अप्रतिम देऊळ पाहायचे राहून जाते.

हे ऐरावतेश्वराचे मंदिर. दुर्वास ऋषींच्या शापाने इंद्राच्या ऐरावताचा शुभ्र रंग गेला. इथल्या तीर्थात स्नान करून त्याने शंकराची आराधना केली आणि रंग परत मिळवला, अशी कथा आहे. मंदिर बांधले चोळ राजा दुसरा राजराज याने, बाराव्या शतकात. आज शांत वाटणारे हे ठिकाण तेव्हा आडगाव नव्हते. चोळांची दुय्यम राजधानी पळैयारै इथेच जवळ होती. राजाच्या नावावरून वसलेल्या राजराजपुरमचे बोलता बोलता दारासुरम झाले.

तंजावरच्या बृहदीश्वराचे शिखर सुमारे साठ मीटर उंच. दारासुरमचे जेमतेम चोवीस. राजराजाच्या कारागिरांनी उंचीची स्पर्धा केलीच नाही. सारे कसब बारीक कामात ओतले. समोरचा मंडप म्हणजे दगडी रथच. त्याला चाके आहेत, तो ओढणारे उधळलेले घोडे आहेत. एके ठिकाणी हत्ती आणि बैल यांचे मस्तक एकच आहे. एक बाजू झाकली की हत्ती दिसतो, दुसरी झाकली की बैल. नंदीजवळ बलिपीठाच्या दगडी पायऱ्या आहेत. त्यांवर आघात केला की निरनिराळे सूर उमटतात. आता त्यांना लोखंडी जाळी लावलेली आहे.

पण या देवळाचे खरे धन पाहायचे तर मान वर करून चालत नाही, खाली वाकावे लागते. गाभाऱ्याच्या बाहेरून, जोत्याच्या पट्टीत, लहान लहान शिल्पांची रांग आहे. ही त्रेसष्ट नायनमारांची, म्हणजे तमिळ शिवभक्तांची चरित्रे. राजराजाचे वडील दुसरा कुलोत्तुंग यांच्या काळात सेक्किळार नावाच्या मंत्र्याने ही चरित्रे 'पेरियपुराणम्' या ग्रंथात गुंफली. पुढच्याच पिढीत ती दगडात उतरली. अनेक शिल्पांवर तमिळमध्ये नावेही कोरलेली आहेत.

या भक्तांत राजे आणि ब्राह्मण आहेत, तसेच कुंभार, परीट आणि कोळीही आहेत. शिवलिंगाच्या डोळ्यातून रक्त येताना पाहून स्वतःचा डोळा काढून देणारा कण्णप्प हा शिकारी आहे. कारैक्कालची अम्मैयार ही व्यापाऱ्याची बायको. आणि नंदनार तर देवळात पाऊल टाकण्याची मुभा नसलेल्या जातीचा. तिरुप्पुंकूरला तो बाहेरच उभा राहिला, तेव्हा त्याला देव दिसावा म्हणून नंदीच बाजूला सरकला, असे सांगतात. मराठी माणसाला इथे गोरा कुंभार आठवतो आणि महाद्वाराबाहेर थांबलेला चोखामेळाही. ज्याला दारातून आत येऊ दिले नाही, त्याची कथा राजाने आपल्या देवळाच्या पायाशी कोरवून घेतली. नंदनाराच्या वाट्याला शिल्पाचा मान आला. त्याच्या जातभाईंना मात्र तमिळनाडूच्या मोठ्या देवळांचे दरवाजे उघडायला १९३९ साल उजाडावे लागले.

दाराचीच आणखी एक आठवण या देवळाशी जोडलेली आहे. इथे एक द्वारपालाची मूर्ती होती. ती चोळांची नव्हे, चालुक्यांची. अकराव्या शतकात राजाधिराज चोळाने चालुक्यांची राजधानी कल्याणी जाळली आणि विजयाची खूण म्हणून हा द्वारपाल उचलून आणला. मूर्तीवरच्या लेखात ही हकिगत अभिमानाने नोंदवलेली आहे. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या धाराशिव-लातूरच्या शेजारचे. द्वारपाल आता तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात आहे. हाच राजवाडा सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या हाती आला आणि पुढे १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचे घराणे नांदले. कल्याणीचा हा पहारेकरी शेकडो कोस भटकून अखेर मराठ्यांच्या वाड्यात येऊन थांबला!

युनेस्कोने तंजावरच्या मंदिराला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला. दारासुरमला तो २००४ मध्ये मिळाला. देखभाल पुरातत्त्व खात्याकडे आहे, पण हे नुसते संग्रहालय नाही. गाभाऱ्यात आजही दिवा लागतो, पूजा होते.

तंजावरला जाणार असाल तर एक सकाळ दारासुरमसाठी राखून ठेवा. दुपारी फरशी तापते आणि अनवाणी फिरणे कठीण होते. मुलांना हत्ती-बैलाचे कोडे घाला. मग त्यांना जोत्यापाशी बसवून त्या कुंभाराची, त्या शिकाऱ्याची आणि दाराबाहेर उभ्या राहिलेल्या नंदनाराची गोष्ट सांगा. कल्याणी जाळणाऱ्याची शौर्यगाथा आज अभ्यासकांपुरती उरली आहे. या साध्या माणसांच्या गोष्टी मात्र तमिळ घरांत अजून आजी नातवंडांना सांगते.