चिडवायचे शब्द मुलांना देतं कोण?

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात २८५ मुलींचं एकत्र बारसं झालं. मुलगा हवा असताना जन्माला आल्या म्हणून कुणाचं नाव नकोशी ठेवलेलं, कुणाचं नकुसा. त्या दिवशी प्रत्येकीला नवं नाव आणि त्याचं प्रमाणपत्र मिळालं. पंधरा वर्षांच्या एका मुलीला वार्ताहरांनी कसं वाटतंय असं विचारलं. आता शाळेत वर्गातली मुलं, मैत्रिणी मला या नव्या नावाने हाक मारतील, याचाच आनंद आहे, असं ती म्हणाली.

तिच्या मनात सगळ्यात आधी शाळा आली. जुनं नाव हजेरीपटावर होतं आणि रोज सकाळी ते भर वर्गात पुकारलं जात होतं. अशा नावावरून कोणी चिडवलं, तर दोष एकट्या त्या पोराचा कसा मानायचा? तो शब्द घरच्यांनी ठेवला, दाखल्यावर कोणीतरी मुकाट्याने लिहून घेतला, गुरुजींनी पुकारला. पोराच्या हाती तो आयताच आला. २०११च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली नऊशेपेक्षाही कमी होत्या. मुलगी नको, हे गावाने आधीच ठरवलं होतं.

शाळेतल्या चिडवणुकीवर, दादागिरीवर बोलताना ही बाजू नेहमी निसटते. ‘आजकालची मुलंच बिघडलीत’ म्हणून मोबाइलवर खापर फोडलं की मोठी माणसं मोकळी होतात. मोबाइलने त्रास घरापर्यंत पोचवला, हे खरंच. पण कोणाला हसायचं, कोणाला बाकावर जागा द्यायची नाही, कोणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हे मुलं मोठ्यांचं पाहूनच शिकतात.

साताऱ्याला हे नव्याने सांगावं लागू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इथल्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या शाळेतल्या दिवसांबद्दल पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला आणलेलं गोणपाट रोज घरी न्यायचं, तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की त्या दिवशी तहानलेलंच राहायचं. हे नियम वर्गातल्या पोरांनी केलेले नव्हते. ते मोठ्यांचे होते आणि शाळा ते पाळत होती.

उपायही याच मातीत सापडला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ला महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. नुसती समतेची भाषणं देऊन कर्मवीर थांबले नाहीत. कोण कोणाशेजारी जेवेल, याची व्यवस्थाच त्यांनी बदलली. पाठीला पाठ लावून बसणाऱ्या जातींच्या पोरांना त्या काळी एका छपराखाली आणणं किती अवघड गेलं असेल! त्या मानाने आजच्या मुख्याध्यापकांपुढचं काम सोपं आहे.

आज कोपरा कोणाच्या वाट्याला येतो? कृष्णाकाठी गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांची मुलं शाळेत आलीच तर वर्षाच्या मधेच येतात. अंगावर पाचटाची धूळ, बोली वेगळी, ओळखीचं कोणी नाही. तोतरं बोलणारा, काळी, जाडा, बायकी चालीचा, बाप दारू पितो म्हणून गावाला माहीत असलेला, अशी मुलं तर प्रत्येक वर्गात असतात. ती घरी सांगायला गेली की तीन उत्तरं ठरलेली: ‘दुर्लक्ष कर’, ‘तूही दोन ठेवून दे’ आणि ‘चहाड्या सांगू नकोस’. यातलं तिसरं सर्वांत घातक, कारण त्यानंतर मूल काहीच सांगत नाही.

बाहेरच्या जगाचा अनुभवही मोठ्यांकडेच बोट दाखवतो. १९८२च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं. पुढच्याच वर्षी त्या देशाने शाळाशाळांत मोहीम उघडली. डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने बर्गनमधल्या शाळांसाठी आखलेल्या कार्यक्रमात मधल्या सुट्टीत मैदानावर शिक्षकांनी हजर राहणं, वर्गाचे नियम मुलांशी बोलून ठरवणं आणि पालकांना सामील करून घेणं, अशा साध्या गोष्टी होत्या. त्रासाचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याची नोंद झाली. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने बघ्या मुलांवर लक्ष दिलं. हसणारे हसायचे थांबले की दादागिरी करणाऱ्याचा रुबाब उतरतो.

महाराष्ट्रात कागदावर काहीच कमी नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई केली आहे. २०२२च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं, ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झाल्यावर तक्रारपेटीची सक्ती पुन्हा बजावली गेली. पण पेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर सगळ्यांच्या नजरेसमोर टांगली, तर चिठ्ठी टाकायला कोण धजावेल? वर्गातल्या पोराला टोपणनावाने हाक मारून हशा पिकवणारा शिक्षक त्याच समितीवर असेल, तर तिचा काय उपयोग?

येत्या पालकसभेत सातारा-सांगलीतल्या आईबापांनी गुणांच्या आधी चार प्रश्न विचारावेत: समितीवर कोण आहे, पेटी शेवटची कधी उघडली, मधल्या सुट्टीत मैदानावर कोण असतं आणि हंगामात आलेली मुलं कुठे बसतात. दर नोव्हेंबरात विद्यार्थी दिवस आणि ऊसतोडणीच्या टोळ्या जवळजवळ बरोबरच येतात. त्या दिवशी भाषणं जरूर व्हावीत, पण त्या सकाळी प्रत्येक वर्गशिक्षकाने नव्याने आलेल्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून पहिल्या बाकावर बसवावं. आणि मुलाला कुठेच दाद मिळत नसेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक त्याला पाठ करून द्यावा.