रंग उडालेली घरे

यंदाच्या अक्षय तृतीयेला माझ्या धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. काटोल गावाबाहेर नव्याने पडलेल्या ले-आउटमध्ये हे घर आहे. आलेला प्रत्येक पाहुणा दारातच थबके आणि म्हणे, "अगदी फोटोतल्यासारखं घर आहे हो!" भाऊ खूश, भावजय खूश. मीही खूश व्हायला हवी होते. भावाने दोन तपे कष्ट करून हे घर उभे केले आहे, त्याचे मोल मला ठाऊक आहे. पण आत पाऊल टाकले आणि मला वाटले, या घराला कोणीतरी फार मोठी भीती घातली असावी, त्याशिवाय त्याच्या चेहऱ्याचा रंग असा उडाला नसता.

भिंती 'ऑफ व्हाइट'. सोफा 'बेज'. पडदे राखाडी, पायपुसणे राखाडी, टेबलावरची कुंडीसुद्धा राखाडी, आणि त्या कुंडीत वाळलेले गवत! आमच्या वडिलांनी असले गवत बांधावरून उपटून गोठ्यात टाकले असते. इथे ते दाम मोजून आणले होते. हे सारे नागपूरच्या एका सजावटकाराच्या सल्ल्याने झाले. त्याने सांगितले, "न्यूट्रल ठेवा, क्लासी दिसते." भावाने ऐकले.

त्या बेज सोफ्याच्या अगदी कडेला आमची आई बसली होती. अंगावर हिरवे लुगडे, कपाळावर बुक्का. साऱ्या दिवाणखान्यात तेवढीच एक हिरवळ. घराचे छायाचित्र काढायला आलेल्या पोराने तिला अदबीने सांगितले, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये रंग येऊन राहिला." आई उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मी चिडले, तर मलाच म्हणाली, "जाऊ दे वं. मले कोन इचारते बापा!"

वाचकहो, त्या दिवसापासून मी या न्यूट्रल रंगांची वैरीण झाले आहे. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेली एक शाळामास्तरीण. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, तेवढाच माझा कलेशी संबंध. घर सजवण्याचे शास्त्र मी शिकलेली नाही. पण घरात राहण्याचे शास्त्र चाळीस-पंचेचाळीस वर्षे शिकते आहे, आणि त्या अधिकाराने आज चार शब्द कडक बोलणार आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करू. न्यूट्रल या शब्दाचे मूळ लॅटिन, आणि त्याचा अर्थ 'दोहोंपैकी एकही नव्हे'. बेज हा फ्रेंच शब्द. न रंगवलेल्या लोकरीचा जो मूळचा मळकट रंग, तो बेज. म्हणजे रंगाऱ्याकडे जाण्याआधीची लोकर! आमच्या आजीकडे या साऱ्या रंगांसाठी एकच शब्द होता: मळखाऊ. शेतात नेसायचे लुगडे मळखाऊ असावे, प्रवासाची पिशवी मळखाऊ असावी. त्यात कमीपणा नव्हता, पण सणाच्या दिवशी मळखाऊ लुगडे नेसून बसलेल्या बाईला आजीने विचारले असते, "काहो, घरी सारं बरं आहे ना?"

परवा वर्गात मी मुलांना रंगांची नावे विचारली. उत्तरे आली: पीच, स्काय ब्लू, ऑफ व्हाइट, ग्रे. मी फळ्यावर लिहीत गेले: डाळिंबी, जांभळा, गुलबक्षी, अबोली, आमसुली, मोरपंखी, शेवाळी, विटकरी, कुसुंबी, पोपटी. यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द बागेतून, स्वयंपाकघरातून, नाहीतर पाखराच्या पंखावरून आलेला आहे. अर्ध्या मुलांनी गुलबक्षीचे फूलच पाहिलेले नव्हते. जो रंग घरात दिसत नाही, त्याचे नाव तोंडी कसे राहावे? भिंतीवरून पुसलेला रंग काही वर्षांनी भाषेतूनही पुसला जातो, ही मला खरी काळजी आहे.

आणि हे घडावे कुठे? काटोलात! ज्या गावाच्या चहूबाजूंना संत्र्याच्या बागा आहेत, ज्या भागाच्या नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे. आपल्या 'नारंग' शब्दाने फार मोठा प्रवास केला आहे. संस्कृतातून तो फारसीत गेला, फारसीतून अरबीत, तिथून स्पेनमध्ये, आणि पुढे इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'ऑरेंज' झाला. म्हणजे युरोपातल्या अनेक भाषांना या एका रंगाचे नाव आपल्याकडच्या फळाने दिले. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराची फळे झाडावर असतात, थंडी पडू लागली की त्यांना रंग चढू लागतो. ज्याच्या अंगणातून हे झाड दिसते, तो माणूस पैसे देऊन भिंतीला राख फासतो, याला काय म्हणावे?

आता प्रतिपक्षाची बाजूही ऐकली पाहिजे. भाऊ मला म्हणाला, "ताई, तू काहून उगाच चिडून राहिली? आपलं जुनं घर तरी कुठं रंगीत होतं? चुन्याचंच होतं ना!" हा मुद्दा खोटा नाही. आमच्या जुन्या घराच्या भिंती मातीने छाबलेल्या आणि चुन्याने पोतारलेल्या होत्या. चुन्यात थोडी नीळ, एवढाच काय तो विलास. जमीन शेणाने सारवलेली. खरे पाहता हे सारे फिकेच रंग.

पण त्या फिक्या भिंतीवर काय काय चाले ते आठवा! खाली गेरूचा पट्टा. दाराच्या दोन्ही अंगांना शुभ-लाभ. लग्न झाले की नव्या नवरीच्या हळदीकुंकवाच्या हातांचे ठसे. कोनाड्यात पितळेची समई, आणि तिच्यावर धरलेल्या काजळीची काळी जीभ. खुंटीवर लाल मुंडासे. बंगईवर आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, तिच्यात दहा वर्षांचे दहा रंग. भिंत पांढरी होती, कारण तिच्यावर माणसांनी उमटायचे होते. आणि उमटून उमटून ती मळली, की दिवाळीच्या आधी घरातल्याच हातांनी पुन्हा पोतारली जाई. आजच्या भिंतीवर कोणी उमटायचे नाही, हा नियम आहे. दोन्ही भिंती पांढऱ्या, पण पहिली पाटीसारखी होती आणि दुसरी 'येथे हात लावू नये' या फलकासारखी आहे.

दुसरा मुद्दा उन्हाचा. आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, तेव्हा फिका रंग बरा, असे म्हणतात. मान्य. पण ऊन घराबाहेर असते! गच्चीवर चुना मारा, बाहेरच्या भिंती पांढऱ्या ठेवा, घर खरोखर थंड राहील. नव्या घरांची तऱ्हा उलटी आहे. रस्त्याकडची बाजू कोळशासारखी गडद राखाडी, ती दिवसभर ऊन पिते, आणि जिथे सूर्याचा किरण पोचत नाही त्या दिवाणखान्यात पांढरेशुभ्र. मग आत यंत्र लावून गारवा आणायचा. याला शास्त्र म्हणायचे असेल तर म्हणा.

तिसरा मुद्दा सुरुचीचा, आणि खरे दुखणे तेच आहे. भडक रंग म्हणजे गावंढळ, फिका रंग म्हणजे सुसंस्कृत, ही समजूत आली कुठून? जर्मन महाकवी गटे याने १८१० साली रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नोंदवून ठेवले आहे की भडक रंगांची आवड रानटी लोकांना आणि लहान मुलांना असते, सुसंस्कृत माणसे ते आपल्या कपड्यांतून आणि घरातून टाळतात. १९२५ साली ल कोर्बुझिए या वास्तुशिल्पकाराने तर सांगितले की प्रत्येक नागरिकाने आपले नक्षीचे पडदे आणि भिंतीवरचे कागद काढून टाकून पांढरा रंग फासावा. याच कोर्बुझिएने पुढे चंडीगढला उच्च न्यायालयाची इमारत उभारली, आणि तिच्या दर्शनी भागातले तीन प्रचंड खांब आज हिरवे, पिवळे आणि लाल दिसतात. गुरूला पांढऱ्याचा कंटाळा आला, पण शिष्यांना ती वार्ता अजून पोचलेली दिसत नाही!

आमच्याकडे सुसंस्कृतपणाचा पुरावा हवा असेल तर अजिंठ्याला जा. तिथली १, २, १६ आणि १७ ही लेणी विहार आहेत, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या जागा. ज्यांनी घरदार, बायको-मुले, दागदागिने सोडले, त्यांच्या निवासाच्या भिंतींवर आणि छतांवर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी गेरूचा लाल, मातीचा पिवळा, दगडाचा हिरवा, काजळीचा काळा असे रंग लागले, आणि निळा तर थेट अफगाणिस्तानातल्या रत्नखड्याचा! संसार सोडलेल्यांना रंग सोडावेसे वाटले नाहीत, आणि आपण भर संसारात बसून त्यांना घराबाहेर काढतो. बरे, हे केवळ राजाश्रयाचे काम, असेही नाही. डहाणूकडची वारली सवाशीण गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिते. तिच्या घरात कदाचित खुर्ची नसेल, पण भिंत मुकी नसते.

मी काही जुन्याची आंधळी भक्त नाही. अर्ध्या भिंतीपर्यंतचा तो हिरवागार तैलरंग, काचेच्या आलमारीत कोंबलेली प्लॅस्टिकची फुले, यांची मला ओढ नाही. ज्याला मनापासून पांढरा आवडतो त्याने जरूर पांढरा लावावा. माझा प्रश्न वेगळा आहे: त्या पांढऱ्याची किंमत कोण मोजते? भावाच्या घरी मी पाहते. भावजय दिवसातून तीनदा सोफा झटकते. उन्हाळ्यात काटोलची धूळ दारावर टकटक करीत नाही, सरळ आत येते. अखेर तिने सोफ्यावर जुनी चादर घातली, आणि ती चादर आहे गर्द निळी! कोणी यायचे असले की चादर निघते, पाहुणा गेला की पुन्हा चढते. म्हणजे बेज सोफा पाहुण्यांचा आणि निळी चादर घरच्यांची. सहा वर्षांच्या भाच्याला खडू घेऊन दिवाणखान्यात यायची बंदी. आईची वाकळ माळ्यावर, वडिलांची आरामखुर्ची माळ्यावर. देवसुद्धा लाकडाचे चित्र चिकटवलेल्या एका कपाटात दार लावून बसले आहेत. ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांनाच जे घर सामावून घेत नाही, ते घर नसून दुकानाची काच आहे.

आणि आता नंदीची गोष्ट सांगते. भावाच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला वडिलांनी गावातल्या वाढयाकडून सागाचा नंदी करवून घेतला होता. पांढरे अंग, निळी शिंगे, लाल झूल, झुलीवर पिवळे ठिपके. तो ओढत ओढत भावाने घरोघर बोजारा गोळा केला, आणि पुढे त्याच्या मुलाने. सजावटकाराला तो नंदी फार आवडला. "अँटिक पीस आहे," म्हणाला, आणि त्याने काय केले? नंदीला घासून शिंगांपासून चाकांपर्यंत ऑफ व्हाइट फासला व दिवाणखान्याच्या फळीवर ठेवला. आता तो शोभतो म्हणे. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा त्याला घ्यायला गेला आणि तसाच परत आला. मला म्हणाला, "आत्या, नंदी आजारी आहे का?"

मी त्याला घेऊन बाजारात गेले. तैलरंगाच्या चार लहान डब्या आणल्या आणि आम्ही दोघांनी माझ्या सपरीत बसून नंदी रंगवला. शिंगे थोडी वाकडी निळी झाली. ठिपके पोराने मनाने वाढवले. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नंदी अजून माझ्याच घरी आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्या दारी आकाशकंदील लागला असेल, पुढ्यात चिवड्याची बशी असेल आणि अंगणात लेकीसुना रांगोळी भरत असतील. एक पाहा. रांगोळीत कोणी बेज भरत नाही! वर्षातले चार दिवस आपण उंबऱ्याबाहेर जो रंग सांडतो, त्यातला चिमूटभर आत येऊ द्या. माळ्यावर टाकलेली एखादी वस्तू खाली काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला विचारा, तुला कोणता रंग आवडतो? हा प्रश्न किती वर्षांत कोणी त्यांना विचारलेला नसेल.

मी आईला विचारला. आधी ती लाजली, मग बराच वेळ गप्प राहिली. शेवटी म्हणाली, "पोपटी. माह्या बापाच्या घरची खोली पोपटी होती."

भाऊबीजेला भाऊ येणार आहे. राग गेला नसला तरी येईल, आमच्याकडे तशी रीत आहे. दरवर्षी तो ओवाळणीत साडी घालतो. यंदा मी साडी घेणार नाही. त्या घरातली आईच्या खोलीची एक भिंत मागणार आहे. रंगाचा डबा मी आणून ठेवला आहे.